बंबामागची चिचुंद्री: न पकडता वजन करण्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार
सुरुवात माझ्याच चुकीने झाली. स्वयंपाकघरात उंदीर झालेत म्हणून चिकट गोंदाचा पॅड मोरीशी लावला होता. सकाळी त्यावर उंदीर नव्हता, चिचुंद्री होती. गोडेतेल सोडून सोडून पाऊण तासाने मोकळी केली, खोक्यात ठेवली. दुपारी मेली. या प्राण्याला फार वेळ उपाशी राहणं झेपत नाही, आणि ही रात्रभर अडकून होती. पुरण्याआधी स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली: ३४ ग्रॅम. पॅड कचऱ्यात टाकला, साठ रुपये पाण्यात.

आईने लगेच सांगितलं, अजून एक आहे. न्हाणीघरात तांब्याचा बंब आहे, वीसेक वर्षांत पेटवलेला नाही. त्याच्या मागे रात्री दहाच्या सुमारास चिकचिक ऐकू येते आणि तो वास येतो. शेपटीचं टोक काटकोनात वळलेलं आहे, असं आईचं निरीक्षण. हिला हात न लावता हिचं माप काढायचं, असं ठरवलं. नारायण पेठेतल्या वाड्यात तळमजल्यावर राहिल्याचा काहीतरी फायदा व्हायला हवा.

११ जून
भाच्याला शाळेतून ‘मोल’ या प्राण्याची माहिती आणायला सांगितलीय. फोनवर भाषांतर केलं तर ‘तीळ’ आलं. गालावरचा. शब्दकोशात पाहिलं तर ‘चिचुंद्री’. तो खूश: “मावशी, म्हणजे आपल्याकडे मोल आहे!” नाही रे बाबा. मोल जमीन पोखरतो, त्याचे पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि बाहेर वळलेले असतात, बाहेरचा कान दिसत नाही. आपल्या देशात तो ईशान्येकडे आणि पूर्व हिमालयात आहे, महाराष्ट्रात नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक श्रू-मोल आहे, तिकडचा सगळ्यात छोटा मोल, जेमतेम ८ ते १४ ग्रॅमचा, एका वेळी १ ते ४ पिल्लं. दिसायला तो चिचुंद्रीच्या जवळ जातो, म्हणून गोंधळ होतो. दोघं एकाच गणातले, पण कुळं वेगळी. उंदराशी मात्र दोघांचाही संबंध नाही. मेलेल्या चिचुंद्रीचे दात पाहिले होते: कुरतडायचे पटाशीचे दात नाहीत, बारीक टोकदार दातांची रांग.

भाच्याने वहीत मोल लिहिला आणि प्रकल्पात चिचुंद्री घेतली.

१५ जून
पहिला प्रयत्न: सोनाराकडे असतो तसा खिशातला काटा, ३८० रुपये. बंबापासून मोरीपर्यंत ती भिंतीला अंग घासत जाते, वाट ठरलेली आहे, तेव्हा वाटेत काटा ठेवला की झालं असं वाटलं. नाही झालं. मिनिटभर वजन पडलं नाही की काटा आपोआप बंद होतो. रात्रभर बंदच होता. शिवाय उघड्यावर ठेवलेल्या वस्तूला ती वळसा घालते. तिला दोन्ही बाजूंनी आणि वरून काहीतरी टेकलेलं हवं.

काटा आता आई केशर मोजायला वापरते.

१८ जून
तपकीर गल्लीतून आणलं: लोड सेल (वजन पडलं की विजेचा इशारा देणारी पट्टी) १८० रुपये, त्याचं वाचन घेणारा एचएक्स७११ बोर्ड ७०, ते नोंदवणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक २५०, मेमरी कार्डाचं मॉड्यूल ६०. बोहरी आळीतून तीन इंची पीव्हीसी पाइप, १२० रुपये. पाइप मध्ये कापून १५ सेंटिमीटरचा तुकडा सुटा केला. तो लोड सेलवर बसतो, दोन्हीकडचा पाइप जमिनीला चिकटवलेला. फट २ मिलिमीटर. आधी १ ठेवली होती, तर कडा घासायच्या आणि वजन निम्मंच दिसायचं. यात बराच वेळ गेला.

२० ते २२ जून
पालख्या पुण्यात. घरी नऊ पाहुणे, न्हाणीघर चोवीस तास चालू. काम बंद. चिचुंद्रीचंही.

२४ जून
ती पाइपातून जाते! भिंतीलगत ठेवला एवढंच पुरलं, खाऊ काही ठेवावा लागला नाही. (सुकट ठेवून बघावी असं मी म्हटलं होतं. आईने ज्या नजरेने बघितलं, त्यावर विषय संपला.)

पण आकडे निरर्थक: ११, २३, ७. कारण शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. हा बोर्ड सेकंदाला १० वाचनं घेतो आणि वजन बदलल्यावर खरा आकडा स्थिरावायला त्याला ४०० मिलिसेकंद लागतात. चिचुंद्री तोवर पलीकडे पोचलेली असते. या चिपला ८० वाचनांचा वेग आहे, त्यात ५० मिलिसेकंद पुरतात, पण बाजारातल्या हिरव्या बोर्डावर वेग ठरवणारी पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडूनच येते. १५ नंबरची पिन सुईने उचलायची आणि शेजारच्या १६ला, म्हणजे विजेच्या पिनला, जोडायची. पहिल्या बोर्डाची पिन तुटली. दुसरा ७० रुपयांचा आणला. सोल्डरिंगच्या डागणीचं टोक जाड असेल तर हे काम करूच नका. मी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या मुलाकडून करून घेतलं, त्याने पैसे घेतले नाहीत, चिचुंद्री दाखवा म्हणाला.

दुसरा उपाय जास्त साधा आणि जास्त उपयोगी: सुट्या तुकड्याच्या पुढे पाइपाला एक कोपरा दिला. वळणाशी ती थांबते, सोंड वर करून हुंगते. सेकंदभर मिळतो. सेकंद पुष्कळ झाला.

२७ जून
रात्री १०.०८. ३५.० ग्रॅम. सलग चाळीस वाचनं, अर्ध्या ग्रॅमच्या आत. मी न्हाणीघराच्या दाराबाहेर पाटावर बसून होते, ओरडायचंही नव्हतं.

१०.३१ ला दुसरी कुणीतरी गेली: ५८.२. घरातला छोटा उंदीर एवढा भरत नाही, घूस याहून कितीतरी जड असते. नर असणार. यांच्यात नर मादीपेक्षा बराच मोठा असतो. रात्रभर भांडण चालल्यासारखा आवाज. उद्याही असेल तर बरं, तारीख धरता येईल. या जातीत मादीचं ठरावीक ऋतुचक्र नसतं, नराशी संग झाल्यावरच बीज सुटतं. म्हणजे नर आला ती तारीख मोजणीला चालते.

२८ जून
नर पुन्हा. नंतर नाही.

२ जुलै
पहाटे कार्ड बघितलं आणि धस्स झालं. ३.१४ ते ५.२० अशी सपाट रेघ, ४७ ग्रॅम. पाइपात मेली की काय! हातमोजे घालून झाकण उघडलं. बेडूक. गार पाइपात मजेत बसलेला. पावसाळाभर तो येत राहिला, त्यामुळे कॅमेऱ्याशिवाय भागणार नाही हे कळलं.

(हातमोजे कायम घाला. लघवीतून लेप्टोचे जंतू येऊ शकतात, आणि पाइपात लेंड्या असतातच.)

६ जुलै, आषाढी
जुन्या बाजारातून वेबकॅम, १५० रुपये. अंधारात दिसावं म्हणून भिंगामागचा गुलाबी-निळसर चमकणारा काचेचा चौकोन काढायचा असतो, तो इन्फ्रारेड अडवतो. चाकूने काढताना सेन्सरला चरा गेला. दीडशे रुपये गेले. दुसऱ्याचा चौकोन भिंगासकट बाहेर काढून, टेबलावर, कडेने उचकटला. निघाला. ८५० नॅनोमीटरचे चार दिवे, ४० रुपये. आधी साधे पांढरे दिवे लावले होते. चिचुंद्रीला फरक पडला नाही, पण पाकोळ्या आणि डास एवढे जमले की रात्रभर चित्रीकरण त्यांचंच.

जुना लॅपटॉप बंबावर. आई म्हणाली, “बरं झालं, बंब कशाला तरी आला.”

आज ३६.३.

१० जुलै
दुरुस्तीसाठी दुपारी वीज गेली. परत आल्यावर आर्डुइनोचं घड्याळ शून्यापासून सुरू. त्यानंतरच्या नोंदींना खरी वेळच नाही. घड्याळाचं वेगळं मॉड्यूल लागतं, बॅटरीवालं, १५० रुपये. हे पहिल्याच दिवशी आणायचं होतं. तुम्ही तरी आणा.

१३ जुलै
३८.९. वाढतंय.

१६ जुलै
आजची नोंद लाज वाटते म्हणून लहान लिहिणार होते, पण हीच सगळ्यात कामाची आहे.

पाइपाखालचा काटा जुळवायला मी पाच रुपयांची पाच नाणी वापरली होती. नाणं ६ ग्रॅमचं, पाच म्हणजे ३०. पण २०११पासूनचं नाणं ६ ग्रॅम आणि २३ मिलिमीटर रुंद, तर २०१९पासूनचं नवं ६.७४ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर. माझ्या पाचांत दोन नवी होती. म्हणजे काट्यावर ३१.४८ ग्रॅम होते आणि मी त्याला ३० म्हणायला शिकवलं. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत होता, मी बघितला नाही. भाच्याने बघितला, तोही भेळेचे पैसे मोजताना.

आधीची सगळी वजनं १.०४९ने गुणली. २७ जून ३५.० नव्हे, ३६.७. नर ६१.१. आषाढीला ३८.१, १३ तारखेला ४०.८. बेडूक ४९ चा, असो. सगळी नाणी एकाच साच्याची घ्या, आणि शक्य असेल तर सोनाराकडे जाऊन एकदा पडताळून घ्या.

१९ जुलै
लांबी. पाइपाच्या आत मागच्या बाजूला एकेक सेंटिमीटरवर रेघा मारल्या होत्या. त्यावर ती नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत साडेतेरा येत होती. पटेना. ती रेघांच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ असते, म्हणून मोठी दिसते. ज्या ठिकाणी ती चालते तिथे मोजपट्टी ठेवून फोटो घेतला, प्रमाण काढलं: अंग ११.८, शेपूट ६.९ सेंटिमीटर. शेपूट बुडाशी जाड, वर विरळ लांब केस. वाकलेलं टोक सोडून मोजलं.

२० जुलै
४३.६. बंबामागून आता कागद ओढल्याचा आवाज. व्हिडिओत तोंडात उंबराचं वाळकं पान, मग दुधाच्या पिशवीची पट्टी, मग माझ्या विजेच्या बिलाचा कोपरा. बंबामागे टॉर्च मारायचा मोह झाला. मारला नाही. घरटं विसकटलं तर पिल्लं टाकून जायची.

२५ जुलै
४८.२. वळणावर पाइपाला पोट घासतंय, थांबून थांबून जाते.

२७ जुलै
५०.१.

२८ जुलै, सोमवार
रात्री नेहमीच्या वेळी नाही. अकराला नाही. मी झोपले. सकाळी कार्डावर एकच नोंद: ३.०६, ३७.४ ग्रॅम.

एका रात्रीत १२.७ ग्रॅम उतरलं. नर शेवटचा आला त्याला ३० दिवस. पुस्तकात गर्भारपण महिन्याभराचं दिलेलं असतं, ते माझ्या न्हाणीघरात दिवसासकट जमलं. आईला उठवलं. तिने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा टाकला. “बाळंतिणीला काय द्यायचं मग? डिंकाचे लाडू?”

३१ जुलै
वरच्या काकूंनी जिन्याखाली गोंदाचा पॅड लावला. दिसला तशी वर गेले.
“काकू, तो पॅड तेवढा उचला ना.”
“अगं, उंदीर झालेत. तुला काय जातंय?”
“जिन्याखालून बाळंतीण जाते.”
“कोण?”
व्हिडिओ दाखवला. नेमका त्यात ती झुरळ खात होती, डोक्यापासून, कुरकुर आवाज करत, पंख तेवढे बाजूला टाकून. काकूंना झुरळाची इतकी किळस आहे की त्या शेवटपर्यंत टक लावून बघत राहिल्या. पॅड उचलला. “पण वास मारते हो मेली,” एवढं म्हणाल्या. मारते. कुशीत ग्रंथी असतात, त्याची कस्तुरी.

७ ऑगस्ट
आज सगळं वसूल झालं. रात्री १०.५२. आलेखात अशी रेघ कधी आली नव्हती: चढली, पायरी, परत चढली, घसरली, पायरी, मग एकदम खाली. सेन्सर गेला असं समजून मी स्क्रू पिळायला निघाले होते. भाचा म्हणाला आधी व्हिडिओ बघ.

आगगाडी! पुढे आई, तिच्या बुडख्याच्या केसांना तोंडाने धरलेलं पिल्लू, त्याला धरलेलं दुसरं, त्याला तिसरं. चार पाठी एकाच तालात हलताहेत. वळणावर आई थांबली तशी मागची एकमेकांवर आदळली, तिसऱ्याची पकड सुटली. ते गोल फिरलं, नाक उडवत, आणि पहिल्याच्या कानाला धरू लागलं. आई जागची हलली नाही. तिसऱ्याला नीट जागा सापडली तशी गाडी सुटली. सात सेकंद.

तुकडा १५ सेंटिमीटरचाच, त्यामुळे अख्खी गाडी एकदम काट्यावर मावत नाही. वजन एकट्याचं मिळतं ते शेवटच्या डब्याचं, बाकीचे उतरल्यावर: ९.४ ग्रॅम. दहा दिवसांचं बाळ.

१२ ऑगस्ट
गाडीला दोनच डबे. सकाळी चौकात एक पिल्लू मेलेलं, न खाल्लेलं. मांजर मारते, पण वासामुळे खात नाही. भाच्याला पुरायला सांगितलं.

१७ ऑगस्ट
गाडी बंद. वीस दिवस झाले, पिल्लं सुटी सुटी फिरतात. १९.२ आणि २०.६. अंगावरचं दूध तुटलं असावं. दोघांचा वेग आईच्या दुप्पट, काटा पुन्हा कमी पडतोय.

६ सप्टेंबर, विसर्जन
केळकर रस्त्यावरच्या ढोलांनी काटा ४ ग्रॅम वरखाली नाचतो. रिकामा. मिरवणूक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. दोन्ही दिवसांच्या नोंदी खोडल्या.

१९ सप्टेंबर
५१.३ वरून ३८.२. दुसरं बाळंतपण. या वेळी नर कधी आला ते बेडकामुळे चुकलं.

१० ऑक्टोबर
दुसऱ्या खेपेची गाडी बघायला मिळाली नाही, लॅपटॉपचा पंखा गेला. दुरुस्तीचे १,१०० सांगितले, केली नाही. हा लॅपटॉप आता नुसताच बंबावर आहे. वजनं मात्र चालू.

आर्द्रतेने शून्य सरकत राहतं, पावसाळ्यात दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. म्हणून शून्याचा भरवसा धरायचाच नाही. चढण्याआधीचं आणि चढल्यानंतरचं वाचन घ्यायचं आणि वजाबाकी करायची. हे मी ऑगस्टपासून करतेय, नोंदायचं राहिलं होतं. आणि मुंग्या. मुंग्यांना काही उपाय नाही, दर रविवारी ब्रश.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ताईच्या फोनवर गेल्या वर्षीच्या गणपतीतला व्हिडिओ निघाला, सप्टेंबर २०२४. भाचा वृंदावनापाशी रांगोळी काढतोय आणि मागून भिंतीलगत एक चिचुंद्री जाते. थांबवून मोठं केलं. शेपटीचं टोक काटकोनात. पूर्ण वाढलेली. म्हणजे त्या वर्षीच्या पावसाळ्यात, उशिरात उशिरा जुलैच्या आसपास, जन्मलेली. आई म्हणाली, मी सांगत नव्हते? ती सांगत नव्हती, पण असो.

हिशेब: आज निदान सव्वा वर्षाची. हे प्राणी मोकळ्यावर साधारण दीड ते दोन वर्षं जगतात. पाच-सहा आठवड्यांत मादी जुगायला तयार, महिन्याचं गर्भारपण, तीन आठवडे दूध. मोल वर्षातून साधारण एकदाच वितो आणि त्याहून बराच जास्त जगतो. हिला तेवढी सवड नाही.

१४ डिसेंबर
थंडी. ३४.९. गर्भार नाही. वळणावर आता चार-पाच सेकंद थांबते, नोंदी इतक्या स्वच्छ कधी मिळाल्या नव्हत्या.

११ जानेवारी २०२६
३१.८, रात्री ८.४०. एवढ्या लवकर कधी येत नसे.

१८ जानेवारी
सहा रात्री वाकड्या शेपटीची नोंद नाही. कॅमेरा नसल्याने शेपूट दिसत नाही, पण त्या वजनाचं आणि त्या चालीचं कुणी गेलेलं नाही. दीड वर्ष धरते. बंबामागे टॉर्च मारला, या वेळी मारला: पानं, पट्ट्या, माझ्या बिलाचा कोपरा. रिकामं. आईने घरटं काढू दिलं नाही.

एकूण खर्च काढला. सर्किट, बोर्ड, पाइप, कॅमेरे, घड्याळ मिळून १,२४०. फुकट गेलेला काटा ३८०. पुन्हा करायचं तर १,०२० मध्ये होईल, एक बोर्ड आणि एक वेबकॅम कमी.

१ फेब्रुवारी
पाइप धुवायला काढला होता, तसाच परत ठेवला. भिंतीला आणि पाइपाला जुना वास असला की नवी बिचकत नाहीत, असं दिसतंय. रात्री ९.४७: २९.३. १०.१२: पुन्हा तीच, २९.९. मधल्या वेळात काहीतरी खाल्लं.

१०.२० ला वरून काकूंचा आवाज, “अगं, झुरळ आहे इथे, पाठव की तिला वर!”